किल्ली लेकाच्या खिशात

मित्रांनो, आधी तुमचे हात बघू. तार, टाचणी, काही नाही ना? बरं, बसा मग. मी एक जुनं पितळी कुलूप आहे. मुठीत मावेन एवढाच, पण संशय घेण्यात माझा हात धरणारं कोणी नाही.

एका कारागिराने मला घडवलं, कानशीने घासलं आणि बटणं, दोरे, लेस विकणाऱ्या एका दुकानात पाठवलं. तिथे गल्ल्याच्या खणावर माझी नेमणूक झाली. दुकानाचे थोरले मालक माझ्याहून संशयी. त्यांचा नियमच होता की, ज्याने कुलूप लावलं त्याने किल्ली बाळगायची नाही, घरातल्या दुसऱ्याच्या हातात द्यायची. म्हणजे एकट्याला चोरी करायची सोयच नको! मला हा नियम फार आवडायचा.

मालकांच्या सूनबाई रोज दुकान आवरून मला लावायच्या आणि न बघताच हात पुढे करायच्या. आधी सासरे किल्ली घ्यायचे, मग नवरा, पुढे लेक. एकदा एका चोराने माझ्यात तारा घालून घालून स्वतःची बोटं सोलून घेतली, पण मी हूं की चूं केलं नाही. मालकांनी मला प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवलं. काय तो माझा रुबाब!

बाईंना बर्फाचे डोंगर बघायचे होते. "जरा दुकानातून सवड मिळू दे, सगळे मिळून जाऊ," नवरा म्हणायचा. सवड काही मिळाली नाही. सासरे गेले, नवरा गेला, दुकानही विकलं. मी गंजक्या खिळ्यांबरोबर एका डब्यात पडलो. कोणी ढुंकूनही बघेना. फार वाईट वाटायचं हो.

आणि एके दिवशी बाईंनी मला बाहेर काढून शिलाई मशीनचं तेल पाजलं. माझ्या मनात लगेच शंकेची पाल चुकचुकली. एवढी माया कशासाठी? मग कळलं, बाई बर्फाचे डोंगर बघायला परदेशी निघाल्या होत्या. एकट्या! त्यांच्या हातातल्या बॅगेवर मला लावायचं होतं.

विमानतळावर मी डोळ्यांत तेल घालून पहारा देत होतो. शेजारी बसलेला माणूस उगाच जांभया देत होता. एक बाई आमच्यासमोरून दोनदा गेली. कशाला? पण खरं पाणी मुरत होतं ते सोडायला आलेल्या लेकाकडे. "आई, कोणी फसवलं तर? वाट चुकलीस तर? अजून विचार कर," असं त्याचं एकसारखं चालू होतं. मोठी बॅग विमानाच्या सामानात जमा झाली. बाईंनी पासपोर्ट आणि बोर्डिंग पास हातातल्या बॅगेत ठेवले, मला लावलं आणि न बघताच हात पुढे केला. लेकाने किल्ली खिशात टाकली आणि निरोप घेऊन गेला.

सुरक्षा तपासणीच्या दाराशी रखवालदाराने बोर्डिंग पास मागितला. बाईंचा हात माझ्यावर आला आणि तिथेच थांबला. त्या रांगेतून बाजूला झाल्या. लेकाने किल्ली मुद्दामच नेली असणार, मी मनात म्हटलं. बाईंनी फोन लावला.

"किल्ली तुझ्याकडे राहिली का रे?"

लेक म्हणाला, "घेतली तेव्हा सवयीने घेतली गं. गाडीत बसल्यावर लक्षात आलं."

"मग तेव्हाच फोन का नाही केलास?"

"म्हटलं, बरंच झालं. आता येतो परत, पण विमान काही मिळणार नाही. जाऊ दे ना आई, पुढच्या वर्षी सगळे मिळून जाऊ."

"हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकतेय," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

जवळच एक मिस्त्री मोडकी खुर्ची दुरुस्त करत होता. बाई तडक त्याच्यापुढे उभ्या राहिल्या. "एवढं कुलूप कापून द्या."

मिस्त्रीने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "बॅग तुमचीच कशावरून?" त्याने रखवालदाराला हाक मारली. शाबास, मी म्हटलं, कोणीतरी आपल्या जातीचं भेटलं!

"आत काय काय आहे?" रखवालदाराने विचारलं.

"लोकरीची टोपी, गुडघ्याचा पट्टा आणि पासपोर्ट," बाई म्हणाल्या. "फोटोत मी भेदरलेली आहे. आता मात्र नाही. कापा लवकर, मला जायचंय."

मिस्त्रीने मोठी कात्री माझ्या कडीला लावली. चोराला जे जमलं नाही, ते माझ्याच बाईंनी करवलं. मला फार लागलं, खोटं कशाला बोलू? पासपोर्ट निघाला, रखवालदाराने फोटो बघून मान हलवली आणि बाई जवळजवळ पळतच आत गेल्या. बॅगेची चेन अर्धी उघडीच होती. मी ओरडणार होतो, पण त्या हसत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं.

आता मी मिस्त्रीच्या पेटीत तुटका पडलोय. मित्रांनो, घरातल्या जुन्या कुलपांना टाकून देऊ नका, अधूनमधून तेल घाला. आणि तुमच्या आईला कुठे जायचं असेल, तर तिची किल्ली खिशात घालून गप्प बसू नका.