ताईंचे केस

मी गंगावन बोलतोय. वेणी लांब दिसावी म्हणून तिच्यात गुंफतात ना, तो केसांचा झुबका. सध्या मुक्काम काचेच्या पेटीत, मखमलीवर. थाट मोठा आहे, पण शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

माझा जन्म कात्रीचा. दोघी बहिणी. धाकटीला नाटकात पहिलं मोठं काम मिळालं आणि त्याच महिन्यात टायफॉइडनं तिचे केस मूठमूठ गळाले. भूमिका नेमकी लांब वेणीच्या नायिकेची! दिग्दर्शक म्हणाला, "आठ दिवसांत काय ते बघा, नाहीतर दुसरी मुलगी घेतो."

थोरलीची वेणी गुडघ्याला लागायची. तिनं स्वतःच कात्री लावली. धाकटी हुंदके द्यायला लागली तशी म्हणाली, "रडतेस काय, वेडे? केसच तर आहेत. येतील परत."

ते परत तसे कधी आले नाहीत.

धाकटी मात्र गाजली. पहिल्या अंकाच्या शेवटी ती मला झटक्यानं खांद्यावरून मागे टाकायची आणि टाळ्या पडायच्या. पुढे सिनेमे आले. मीही शेफारलोच. थोरली रंगपटात बसून माझा गुंता सोडवायची, मला धाकटीच्या विरळ केसांत बेमालूम गुंफायची. इतक्या वर्षांत कुणाला शंका आली नाही.

एकदा मुलाखत घ्यायला आलेल्या बाईंनी विचारलं, "इतके सुंदर केस! रहस्य काय?"

"आईकडून आलेत," धाकटी हसून म्हणाली.

"आणि या कोण?" कोपऱ्यात थोरली फणी घेऊन उभी होती.

"या ताई. माझे केस सांभाळतात."

बहीण म्हटलं असतं तर लोकांनी तिच्या आखूड केसांकडे पाहिलं असतं, मग माझ्याकडे. धाकटीला तीच धास्ती. आणि नाटकवाल्यांत काय, बाई दिसली की ताई! चहा देणारी ताई, कपडे शिवणारी ताई. सख्ख्या बहिणीला चारचौघांत ताई म्हणूनही कुणाला पत्ता लागत नाही. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. तो केस मी.

मग तर कमालच झाली. धाकटीनं केसांच्या तेलाची जाहिरात केली, मला छातीवर मिरवून! दुसऱ्याच दिवशी थोरली दुकानातून ती बाटली घेऊन आली. धाकटी चपापली. "अगं, तू कशाला आणलीस?"

"तू सांगतेस म्हणजे चांगलंच असणार. बघू, माझे येतात का."

धाकटी न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून बसली. मी खुंटीवर लटकत होतो. मला तर तोंड लपवायलाही जागा नव्हती.

आता धाकटी सत्तरीची झाली. अख्खं जग तिलाच ताई म्हणतं. परवा संग्रहालयाचा माणूस तिच्या वस्तू न्यायला आला. मला उचलून म्हणाला, "पाटीवर काय लिहू? कुणाचे केस?"

धाकटीनं माझ्यावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "ताईचे. ताईचे केस, असं लिहा."

माझ्याबद्दल तिनं आयुष्यात पहिल्यांदा खरं सांगितलं. त्या भल्या माणसाला वाटलं, बाई स्वतःबद्दलच बोलताहेत. त्यानं अदबीनं वर एक टिंब दिलं.

उद्घाटनाला दोघी आल्या. थोरलीनं चष्मा लावून पाटी मोठ्यानं वाचली, "ताईंचे केस." मग धाकटीकडे बघून हळूच म्हणाली, "बरोबर आहे की गं. एक टिंब तेवढं जास्त पडलंय."

तेवढ्यात तो माणूस धावत आला. "पाटी ठीक आहे ना, ताई?"

थोरली धाकटीकडे बघत राहिली. धाकटीचे ओठ हलले. समोर फोटोवाले उभे होते.

"ठीक आहे," धाकटी म्हणाली.

थोरलीचा हात नकळत आपल्या सुपारीएवढ्या पांढऱ्या अंबाड्याकडे गेला. मला काचेतून ओरडावंसं वाटलं. पण मी त्या मुलाखतीच्या वेळी गप्प होतो आणि इथेही गप्पच राहिलो.

तुम्ही कधी इकडे आलात तर माझ्या लांबीचं कौतुक करू नका. फक्त पाटीवरच्या त्या टिंबावर बोट ठेवा आणि मग वाचा.