झंबाऱ्याचा ठराव आणि मसालेभात

मसालेभाताचा हंडा. झाकणावर वीट.

पंधरा देशांच्या पंधरा पाट्या. एकीवर कुणीतरी खडूने मिशा काढलेल्या.

मक्याच्या पिठाची पिशवी, धडगावच्या एसटीतून आलेली.

चाळीस हजार माणसं, कुणीच न पाहिलेली.

तर ही सगळी भानगड शहाद्याच्या एका कॉलेजात, एकाच हॉलमध्ये, सकाळी अकराला जमली. राज्यशास्त्राच्या हेमकांत सरांनी लुटुपुटूची सुरक्षा परिषद भरवली होती. खऱ्या देशांवरून भांडणं नकोत म्हणून सरांनी झंबारा नावाचा देश पदरचा काढला. त्याच्या सैन्याने आपल्याच एका शहराला वेढा घातलाय. आत चाळीस हजार लोक, धान्य नाही, औषध नाही. रिना पावराने ठराव मांडला : वेढा उठवा, धान्याच्या गाड्या आत सोडा. ठराव पास झाला तर जळगावच्या स्पर्धेला रिना जाणार, पडला तर भाग्येश पाटील. आणि भाग्येशकडे होता नकाराधिकार. चौदा जण हो म्हणोत, त्याचा एक हात पुरे.

तो हात तीनदा वर गेला.

"झंबारा मन्हा दोस्त शे," भाग्येश म्हणाला. "दोस्तना घरमा आपण कसाले डोकावानं?"

"घरातल्यांना मारत असला तरी?" रिनाने विचारलं.

"नियम वाची ले, बहीण."

मागच्या बाकावर रिनाचा बाप जालमसिंग होता. लेकीला पीठ द्यायला आला आणि 'मोठी बैठक आहे' ऐकून थांबला. पाड्यावर तो स्वतः पंच. हा खेळ आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पंधरा माणसं गंभीर तोंडाने बसलीत, म्हणजे ती पंचच.

एक वाजला. सर म्हणाले, "चला, आधी जेवून घेऊ. मग बघू."

जालमसिंग उठला, हंड्यापाशी गेला आणि विटेवर हात ठेवून बसला.

"सर, तू खाली बस," तो म्हणाला. डोंगरात सगळ्यांनाच तू. रिनाने ओढणीत तोंड लपवलं. "निकाल नाही तर जेवण नाही. आमच्यात असंच."

"बा, हा खेळ आहे!"

"मग खेळून संपव."

दीड. दोन. फ्रान्सने, म्हणजे चारुलताने, पोटात कावळे ओरडताहेत असं जाहीर केलं. चिलीने खिशातून फुटाणे काढले. जालमसिंगने ते जप्त केले.

"काका, भूक लागी गई ना!" चिली कळवळला.

"लागू दे. ज्यांच्यासाठी बसलात, ती माणसं जेवली का?"



रिनाने ठराव चौथ्यांदा वाचायला घेतला. 'चाळीस हजार' म्हणताना तिला पाड्यावरच्या लग्नाची पंगत आठवली. दोन हजार माणूस बसलं की शेताचा बांध संपतो. आणि हे त्याच्या वीसपट. ती तिथेच थांबली, मग पुढचं वाचलं.

भाग्येशचा हात टेबलावरच राहिला.

"भाऊ, उचल की!" मागून कुणी ओरडलं.

"नही," तो म्हणाला. "जाऊ द्या गाड्या मझार, शहरना आत."

वीट खाली आली. सरांनी जळगावच्या यादीत रिनाचं नाव लिहिलं. जालमसिंगने फुटाणे चिलीला परत केले. भात वाढता वाढता चारुलता म्हणाली, "पोटापुढे बडा देशही वाकतो, बरं का!" सगळे हसले, भाग्येश सगळ्यांत मोठ्याने.

भाग्येश सकाळी दहाला घरून पोटभर वरण-बट्टी खाऊन निघाला होता.