सहा वर्षे माझ्याखाली असलेले पत्र

मित्रांनो, एका बाईच्या पत्राला आम्ही सहा वर्षे उत्तर दिले नाही. ते पत्र माझ्याखालीच होते. मी एक जुना काचेचा पेपरवेट आहे. गोष्ट सांगायची मला सवय नाही. कुठे चुकलो तर सांभाळून घ्या.

भट्टीतल्या लालभडक काचेतून एका कारागिराने मला घडवले. "बेट्या, आता एका जागी बसायला शीक," तो म्हणाला. अंगाने मी शिकलो, मन मात्र कधी बसले नाही.

पुढे मी नदी आयोगाच्या कचेरीत आलो. आमची नदी एकच, पण ती दोन देशांतून वाहते. वरच्या देशात धरण, खालच्या देशात मासे पकडणाऱ्यांची वस्ती. पाणी, मासे आणि काठची माणसे पुढच्या पिढ्यांपर्यंत टिकावीत, म्हणून दोन्ही देशांनी मिळून हा आयोग काढला होता. कराराच्या दिवशी वाऱ्याने कागद उडू लागले, तेव्हा मीच ते धरून ठेवले. "कामाचा आहे हा!" अध्यक्ष म्हणाले. त्या एका कौतुकावर मी कितीतरी वर्षे काढली.

मग ते पत्र आले. खालच्या काठावरच्या एका बाईने ते मुलीकडून लिहून घेतले होते. 'धरणाचे दरवाजे उघडले की आम्हाला पाणी अंगावर आल्यावरच कळते. यंदा होडी गेली. धाकटा दीर वाहून जाता जाता वाचला. आधी कळवाल का? हो किंवा नाही, एवढे तरी लिहा.'

कळवायला कुणाचीच ना नव्हती. पण उत्तरावर दोन्ही देशांच्या साहेबांच्या सह्या लागत. जो आधी सही करील त्याने चूक कबूल केल्यासारखे होईल, ही दोघांनाही धास्ती. वरच्या देशाचे साहेब म्हणत, "आधी त्यांची होऊ दे." खालचे साहेबही तेच म्हणत. टपाल सांभाळणाऱ्या काकांनी मसुदा चार वेळा दोघांकडे फिरवला आणि शेवटी पत्रावर मला ठेवून दिले.

पंखा लागला की पत्राच्या कडा फडफडत. माझ्या फुगीर काचेतून खालचे अक्षर मोठे दिसते. मला सतत एकच शब्द दिसे, 'कळवाल'. वाटे, हे उडाले असते तर निदान कुणाच्या पायात तरी आले असते. दाबून धरणारा तर मीच!

यंदा धरण काठोकाठ भरले. शुक्रवारी दरवाजे उघडायचे ठरले. सोमवारी सकाळी टंकलेखन करणाऱ्या ताईंनी मला उचलले.

"काका, हे पत्र अजून इथंच?"

"सह्या नाहीत गं."

"सहा वर्षं? तेवढ्यात माझं लग्न होऊन पोर शाळेत गेलं!"

काका कानापर्यंत लाल झाले. "एक सुचतंय कधीचं. पण मी कोण सांगणारा?"

"सांगा हो! फार तर ओरडतील. खातील थोडेच?"

काका दोन्ही साहेबांसमोर जाऊन उभे राहिले. "दोन प्रती करू. दोघांनी एकेकीवर एकदमच सही करायची, मग कागद बदलून दुसरीवर करायची. मग आधी कोण, हा प्रश्नच नाही."

"एवढंच?" वरचे साहेब म्हणाले. "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"कुणी विचारलं नाही, साहेब."

पाच मिनिटांत सह्या झाल्या. 'शुक्रवारी दरवाजे उघडतील. होड्या वर ओढून ठेवा. यापुढे दर वेळी आधी कळवू.'

मित्रांनो, तुमच्या हाती कुणाचा प्रश्न आला, तर त्यावर माझ्यासारखे वजन ठेवू नका. टपालाला तीन दिवस लागतात. पत्र वेळेत पोचेल का? ती बाई अजून तिथेच असेल का? मला काही ठाऊक नाही. खिडकीतून मी पाहतो आहे. काकांनी लिफाफा पेटीत टाकला, आणि तो आत नीट पडला की नाही हे बोटे घालून चाचपून पाहिले.