मोंगूच्या बोटकचेरीतला शोध्या

मित्रांनो, मी एक जुना शोध्या आहे. मला ना हात, ना पाय. सी भाषेत लिहिलेलं एक छोटंसं फंक्शन, एवढंच माझं रूप. मला फाइलचं नाव सांगा, कुठल्या फोल्डरांत बघायचं ते सांगा. मी एकेक फोल्डर पालथा घालतो आणि फाइल सापडली की तिचा पूर्ण पत्ता देतो.

झांबेझी नदीकाठच्या मोंगू गावात दवाखान्याच्या बोटींची कचेरी आहे. तिथले संगणक सांभाळणाऱ्या नासिलेलेने मला घडवलं. तिने मला एक शिस्त लावली होती. एखाद्या फोल्डरात शिरता आलं नाही, तर “फाइल नाही” म्हणायचं नाही. “दार बंद होतं” असं सांगायचं.

मी खूप राबलो. रुग्णांचे अहवाल, नदीचे नकाशे, सगळं शोधून दिलं. मग चकचकीत नवा प्रोग्राम आला. तो एकाच फोल्डरात बघायचा, पण झटकन. मला कोणी हाक मारेना.

त्या वर्षी झांबेझीने सारं मैदान गिळलं. एका सकाळी वीज कोसळली आणि नवा प्रोग्राम ज्या फोल्डरात बघायचा, त्याची डिस्क जळाली. तेवढ्यात पलीकडच्या गावातून फोन आला. नामाकाऊ नावाची बाई बाळंतपणात अडली होती.

“पुराचा नकाशा द्या,” नावाडी मुबिता म्हणाला. “पाण्याखाली झाडांचे बुंधे आहेत. बोट फाटली तर आम्हालाच शोधत बसाल.”

नवा प्रोग्राम म्हणाला, फाइल नाही.

नासिलेलेने मला हाक मारली. पहिली डिस्क पाहिली, नाही. दुसरीही पाहिली, नाही. तिसरीवर एक फोल्डर होता, पण मला आत घेईना. मी सांगितलं, दार बंद आहे.

तो फोल्डर कचेरीचे जुने साहेब लिकांडो यांचा होता. ते धापा टाकत आले.

“अगं, त्यात माझ्या पोरीच्या लग्नाचे फोटो आहेत. नकाशा कुठला आलाय!”

“न्दाते,” वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं नासिलेले म्हणाली, “मला नवरी नाही बघायची. दार उघडा.”

“तू म्हणजे अगदी आईवर गेलीस,” असं पुटपुटत त्यांनी पासवर्ड टाकला.

मी आत घुसलो. नवरीचे फोटो, वऱ्हाडाचे फोटो, आणि त्यांच्या गर्दीत, कधीतरी घाईत ठेवून दिलेला पुराचा नकाशा! मी त्याचा पत्ता दिला. मुबिता नर्सला घेऊन पळतच धक्क्यावर गेला.

दुपार कलताना वायरलेस खरखरला. नामाकाऊचा नवरा बोलत होता; फोटोंची गोष्ट त्याला मुबिताने सांगितली होती. “मुलगी झाली! आई शुद्धीवर आहे. आणि लिकांडोसाहेबांना सांगा, आता आमच्या लग्नाचे फोटोही ठेवून घ्या!”

लिकांडो हसता हसता रडले.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. जुनं झालं म्हणून आम्हाला पुसून टाकू नका. आणि जिथे तुम्ही पाहिलंच नाही, तिथे “नाही” म्हणू नका. दार बंद असेल, तर ते उघडायला लावा.