पाचशे वॅटचा जावई

घर सासूचं. सासूनंतर ते धाकटी लेक म्हणून किटबोकच्या बायकोचं, दापलिनचं, आणि दापलिननंतर तिच्या धाकट्या लेकीचं. या रांगेत तो स्वतः कुठेच नव्हता, आणि शिलाँगमध्ये यात कुणाला काही वावगं वाटत नाही. नवरा म्हणजे बायकोच्या घरातला कायमचा पाहुणा. सव्वीस वर्षं किटबोक अगदी नमुनेदार पाहुणा होता. चहा मागायचा नाही, आला की प्यायचा. खोकला आलाच तर अंगणात जाऊन खोकायचा.

पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाला आणि पाहुणा दिवसभर घरात दिसायला लागला. पंचाईत घराची झाली तशी त्याचीही झाली. शेवटी त्याने पलंगाखालून जुनी बास गिटार काढली. तरुणपणी तो एका बँडमध्ये होता. गाणाऱ्यावर मुली मरत, गिटारवाल्यावर मरत, आणि बासवाल्याला वायरी गुंडाळायला सांगत. पण वाजवायचा छान. आता अडचण एवढीच होती की अँप्लिफायरशिवाय बास म्हणजे चार जाड तारा ठोकलेली फळी. कितीही जीव तोडून वाजवा, शेजारच्या खुर्चीतल्या माणसालाही पत्ता लागत नाही.

किटबोकला मनातून एकच हवं होतं, आपण घरात आहोत हे घराला कळावं. पण हे सांगायचं कुणाला आणि कोणत्या तोंडाने? म्हणून त्याने दापलिनला सांगितलं, "बोटं आखडायला लागलीयेत. एक अँप्लिफायर घ्यावा म्हणतो."

"कानाला लावायचं मिळतं की ते," दापलिन म्हणाली. "तुझं तुला ऐकू येईल, आमचं आम्हाला."

"माझं मलाच ऐकायचं असेल तर मनातल्या मनात वाजवीन."

"मग मनात वाजव. वीजही वाचेल."

सल्ला मागायला तो जुन्या बँडमधल्या स्टर्लिंगकडे गेला, आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं. स्टर्लिंगला सगळं माहीत असायचं. त्याची स्वतःची गिटार त्याच्या बायकोच्या घरी कोळशाच्या खोलीत पडली होती, पण त्या विषयाला दोघांनीही कधी हात घातला नाही.

"किती वॅटचा घेतोस?"

"घरातच तर वाजवायचं आहे. वीस-पंचवीस वॅट..."

स्टर्लिंगने तोंडातला क्वाय, म्हणजे पान-सुपारीचा तोबरा, एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला. "वीस? अरे, वीस वॅटचा बल्ब असतो. संडासात लावतात."

"मग शंभर?"

"बासला ताकद लागते, बाबा. जाड आवाज ढकलायचा म्हणजे खेळ नाही. मोठा घ्यायचा आणि हळू वाजवायचा."

"आणि छोटा घेऊन जोरात वाजवला तर?"

"फाटतो."

"कोण?"

"आवाज रे! इतकी वर्षं बास वाजवलीस का नुसता उभा होतास?"

तीन आठवडे हेच चाललं. रोज दुपारी दोघे लाल चहा पीत आणि वॅट वाढवत. शंभराचे दोनशे झाले, दोनशेचे तीनशे. फोनवरच्या व्हिडिओत कुणी परदेशातला टकला होता, तो सांगायचा की खरा बासवाला तीनशेच्या खाली उतरतच नाही. मग या दोघांना तीनशेचीही लाज वाटायला लागली. या तीन आठवड्यांत किटबोकने गिटारीला हात लावला नाही. वेळच कुठे होता?

"सासूचं काय करणार?" एके दिवशी स्टर्लिंगने विचारलं. "नाहीतर असं कर, बहिणीच्या घरी ठेव. तिथे तू मामा. तिथे तुझा शब्द चालतो."

"चालतो ना. परवा मेहुण्याने विचारलं, ससे पाळू का. मी नाही म्हटलं."

"का?"

"का म्हणजे? मामा आहे मी."

दुकानदाराने दोन दिवस घरी वाजवून बघायला पाचशे वॅटचा अँप्लिफायर दिला. मंगळवारी दुपारी टेंपो आला. लोखंडी पेटी आणि फ्रिजएवढे दोन स्पीकर लाकडी फळ्यांच्या जमिनीवर येऊन बसले, आणि फळ्या जरा खाली गेल्या. दापलिन बाजारात गेली होती. सासू, जिला सगळे मेई, म्हणजे आई, म्हणत, स्वयंपाकघरात सुपारी कातरत बसली होती. तिने डोकावून पाहिलं आणि परत सुपारीकडे गेली.

किटबोकने वायर जोडली. बटण अर्ध्यावर ठेवलं, कारण अर्ध्याच्या खाली ते यंत्र झोपलेलंच असतं असं स्टर्लिंगचं मत होतं. त्याने सगळ्यात जाड तार छेडली.

आधी कपाटातले कप चालायला लागले. ते लग्नात आलेले आणि आजवर कुणी न वापरलेले कप होते. मग खिडक्यांच्या काचा बोलल्या, मग पत्र्याचं छप्पर. पायाखालच्या फळ्यांतून काहीतरी गुरगुरत सगळ्या घरभर पसरलं. शेजारून कुणीतरी ओरडलं, "जुमै! जुमै!"

भूकंपाच्या या गावात तो शब्द कानावर पडला की डोकं विचार करत नाही, पाय करतात. क्षणात सगळी गल्ली रस्त्यावर होती. एकजण तोंडाला साबण लावलेला, एक बाई काखेत कोंबडी घेऊन. आणि पाय किटबोकचेही याच गावचे होते. तोही पळाला. रस्त्याच्या मधोमध उभा राहून धापा टाकताना त्याला पहिल्यांदा दिसलं की आपल्या गळ्यात गिटार आहे आणि तिची तुटलेली वायर मागे लोंबतेय.

"मोठा होता," साबणवाला म्हणाला. "पाच तरी असेल."

"पाचशे," किटबोकच्या तोंडून निघून गेलं.

गावप्रमुख चष्मा पुसत जवळ आले. वायर वरपासून खालपर्यंत पाहिली. "बाह किटबोक," दादा म्हणावं तसं बाह लावून ते म्हणाले, "आत कोण राहिलंय का?"

आत मेई राहिली होती. किटबोकला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भूकंप समजून आपण सासूला आत टाकून पळालो हे सगळ्या गल्लीने पाहिलं होतं, आणि ते खरंही होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेईचे थोरले भाऊ आले. घरातले मोठे निवाडे मामांनीच करायचे. त्यांचं नाव प्रोग्रेस. आईबापांनी हौसेने ठेवलेलं, पण या घरात गॅस आला तो त्यांच्या विरोधानंतर पाच वर्षांनी आणि फोन आठ वर्षांनी. ते खुर्चीत बसले, क्वाय घेतला, सावकाश चघळला.

"ब्याऐंशी वर्षांत मी खरे भूकंप पाहिले," ते म्हणाले. "विकत आणलेला पहिल्यांदाच पाहतोय. पेटी आजच्या आज परत जाईल. आणि ती फळीसुद्धा पलंगाखाली."

दापलिन खाली बघत होती. किटबोक दाराशी उभा होता. पाहुण्याने अशा वेळी बोलायचं नसतं. त्याने वायर गुंडाळायला घेतली. साठीला आलेल्या माणसाला एका पेटीसाठी रडू यावं याची त्याला फार लाज वाटत होती.

"बाह, थांब जरा," मेई भावाला म्हणाली.

मामांचं चघळणं थांबलं. त्यांच्या निवाड्यानंतर आजवर कुणी बोललं नव्हतं.

"सव्वीस वर्षं हा माणूस माझ्या घरात मांजराच्या पावलांनी चालतो. कधी आला, कधी गेला, जेवला का उपाशी झोपला, मला विचारावं लागतं. काल पहिल्यांदा बसल्या जागी कळलं, जावई घरात आहे."

"अगं, पण तो तर तुला टाकून पळाला!"

"पळाला. पण त्याआधी होता ना?" मेईने सुपारीचं तबक भावापुढे सरकवलं. "पेटी राहू दे. घर माझं आहे. कप मात्र खाली उतरवून ठेव, दापलिन. आणि तू रे, ते बटण खाली घे."

मामांनी दुसरा क्वाय उचलला. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही.

किटबोकने बटण खाली घेतलं. इतकं खाली की पाचशेतले पाचसुद्धा वॅट लागत नव्हते. स्टर्लिंग बघायला आला, त्याने बटण पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "एवढंच वाजवायचं होतं तर वीसचा का नाही घेतलास? अक्कल कुठे गहाण ठेवली होतीस?"

आता रोज दुपारी तो वाजवतो. परवा एक चाल आठवेना म्हणून तो थांबला. बोटं तारेवर ठेवून, डोळे मिटून बसला होता. एक मिनिट गेलं असेल, दोन गेली असतील.

"किटबोक!" स्वयंपाकघरातून मेईची हाक आली. "आहेस ना रे घरात?"

"आहे, मेई," तो म्हणाला.