उतरल्याचा मिस्ड कॉल

मी एक पिशवी. पिवळ्या कापडाची, वीतभर लांब, तोंडाला नाडी असलेली. आत्ता मी गेनूतात्यांच्या मांडीवर बसले आहे आणि माझ्या पोटात एक मोबाईल कोकलतो आहे. कोकलू दे. माझी नाडी सोडायची नाही, असं तात्यांना बजावलेलं आहे. ज्याचा हा फोन, तो इरफान आत्ता टेकडीवरून उडून वर घारींच्या सोबतीला गेला आहे. माझा सगळा जीव तिकडे लागला आहे.

तो उतरेपर्यंत माझी गोष्ट सांगते. गप्प बसणं मला कधी जमलंच नाही.

माझ्या जन्मी मी चांगली अकरा मीटर रुंद होते. माणसाला घेऊन उडणारी छत्री. शहरात मला पॅराग्लायडर म्हणत. वेल्ह्याकडच्या या खेड्यात मात्र मी नुसती छत्रीच, आणि पावसात उपयोग नाही म्हटल्यावर फारशी किंमतही नाही. माझा पहिला मालक पुण्याचा, फक्त रविवारी उडणारा. १९९८च्या हिवाळ्यात त्याने मला बाभळीत नेऊन घातलं आणि मला हातभर चीर पडली. भोरमध्ये जीपचे हूड शिवणारा एक शिंपी आहे, असं त्याला कोणीतरी सांगितलं. तोच हा इरफान.

इरफानच्या दुकानात मी मावेचना. त्याने मला थोडं थोडं करून मशीनवर घेतलं. कापड बोटांत चोळलं, तोंडाला लावून फुंकर मारून पाहिली. "हवा आरपार जात न्हाई," तो बायकोला म्हणाला. खुर्शिदा शेजारी बसून काज-बटणं करत होती. ती म्हणाली, "जाईना का. तुमी शिवा." त्याने अशी शिवली की चीर मलासुद्धा सापडेना. मालक खूश झाला. तेव्हा इरफान मान खाली घालून म्हणाला, "सायेब, एकदा मला बी वर न्या."

तो एकदा वर गेला आणि खाली आलाच नाही म्हणा ना! अंगाने आला, मनाने नाही. दोन हिवाळे तो कामशेतला जाऊन उडायला शिकला. पुढे मालक परदेशी निघाला आणि जाताना मला त्याच्याकडे सोडून गेला.

मग आमचे दिवस सुरू झाले. शुक्रवारी नमाज झाली की दुकान बंद. स्कूटरवर मी मागे बांधलेली, गेनूतात्यांच्या शेतामागची बोडकी टेकडी, समोरून पश्चिमेचा वारा. पाय जमिनीवरून सुटले की त्या क्षणी इरफान श्वास रोखायचा. भीती त्याला दर वेळी वाटायची, माझ्या दोऱ्यांमधून ती मला कळायची. पण हात थरथरत नसत. भीती घेऊनच तो उडायचा, आणि मला तो त्यासाठीच आवडायचा.

खरा त्रास उरलेल्या सहा दिवसांचा. माझ्या कापडाची एक चिंधी त्याने दुकानाच्या खिडकीला बांधली होती, वारा कळावा म्हणून. ती हलली की याची मान वळे. गिऱ्हाईक माप देत असे आणि हा छातीचं माप एकदा घेऊन परत घेई. आणि उडताना काय? उडताना म्हणे, "अरे, पाटलांच्या झब्ब्याची कॉलर ऱ्हायली!" हाताखाली असेल ते सोडून दुसरीकडे धावायची खोड त्याला होती. खोटं कशाला बोलू, मलाही होती. घडी घालून ठेवली की मला वारा हवा, आणि वाऱ्यात गेले की दुकानातला कोपरा आठवे.

२००४ साली दिवाळी आणि रमजान ईद एकाच आठवड्यात आली. भोरातल्या शिंप्यांना मान वर करायला फुरसत नव्हती. आमच्या दुकानात कापडांच्या थप्प्या छताला टेकल्या होत्या. आणि नेमकी चिंधी हलली.

"रोजा हाय तुमचा," खुर्शिदा म्हणाली. "पोटात पानी न्हाई, हितं शेरवानी अर्धी पडलीया, आन् डोंगर कसला चढताय?"

"लगीच येतो. एकच उडी."

टेकडीवर त्याने मला पसरलं, पट्टे आवळले, आणि खिशात मोबाईल वाजला. शेरवानीवाला. फोन काढायला मांडीचे दोन्ही पट्टे सोडावे लागले. "झालीच बघा, निस्ती बटनं ऱ्हायलीत," असं सपशेल खोटं बोलून त्याने फोन खिशात टाकला आणि वारा जाईल म्हणून धावत सुटला.

पट्टे लावलेच नाहीत.

एरवी त्याचं वजन मला कमरेतून जाणवे, त्या दिवशी खांद्यांतून आलं. तो नुसता बगलांत लटकत होता, छातीचा पट्टा गळ्याशी चढलेला, पाय मोकळ्या हवेत. मला वाचा असती तर मी किंचाळले असते. मला एवढंच करता आलं की वाकडं न जाता सरळ गेले. खाली तात्यांचं भात कापून खाचरात पसरलं होतं. आम्ही त्यात जाऊन आदळलो.

तात्या विळा टाकून पळत आले. लोंबणारे पट्टे त्यांनी हातात धरून पाहिले. "बैलाचं जोतं आवळल्याबिगर म्या गाडी हाकत न्हाई," ते म्हणाले, "आन् तू सोताला न जुपता निगालास व्हय रं? ध्यान कुठं हुतं तुजं?"

इरफान घरी काही बोलला नाही. ईदच्या सकाळी नवा कुर्ता घालायला त्याला हातच वर करता येईनात. खुर्शिदाने बगलेतले काळेनिळे वळ पाहिले आणि त्याच्याकडून सगळं वदवून घेतलं. तो म्हणाला, "सोडलं आजपास्नं." मला माळ्यावर टाकलं.

तीन महिने तो दुकानातून हलला नाही. मशीन मात्र अशी पळवायचा की जणू तिच्यावर बसूनच टेकडी गाठणार आहे. एक दिवस त्याने एका सदऱ्याच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या. खुर्शिदाने त्या हातात घेतल्या. मला वाटलं, आता भांडण. तिने स्टूल घेतलं आणि मला खाली काढलं.

"सोडलं म्हनता, पन सुटलंय कुठं?" ती म्हणाली. "हितं असाल तर हितं ऱ्हावा, तिथं असाल तर तिथं. दोन्हीकडं अर्धं अर्धं गेलात तर मला एक दिस अख्खं मानूस घावायचं न्हाई."

इरफान खाली बसला आणि कितीतरी वेळ माझं कापड चोळत राहिला. मग तोंडाला लावून फुंकर मारली. हवा आरपार गेली. "हिचं वय झालं," तो हळूच म्हणाला. मला वाईट वाटलं, पण कापडातलं त्याला कळतं.

नंतर त्याने दुसरी छत्री आणली, निळी. मला ती आवडत नाही, हे मी लपवणार नाही. माझ्यावर कात्री खुर्शिदाने चालवली. माझी ही पिशवी तिनेच शिवली. दुकानात खिडकीची चिंधी माझ्या पोटात बंद असते. टेकडीवर चिंधी बाहेर वाऱ्याला आणि फोन माझ्या पोटात. पट्टे लावायच्या आधी फोन तात्यांकडे. मग इरफान माप घेतल्यासारखा स्वतःला चाचपतो, "छाती, मांडी, मांडी", आणि तात्या मान हलवेपर्यंत पाय उचलत नाही. वारा सुटला की अजून माझी नाडी फडफडते. काय करणार, जात्याच तशी मी.

थांबा. फोन पुन्हा वाजतोय. अहो, फोन करणाऱ्यांनो, एवढी घाई कसली? तुमची कॉलर आज संध्याकाळी होईल. आत्ता त्याला पुरता वर असू द्या. खाली येईल तेव्हा तो पुरता तुमचा असेल.

इरफान डोंगराच्या आड गेला होता. तात्या उठून उभे राहिले आहेत, मला त्यांनी मुठीत घट्ट धरलंय. दिसला! निळी वळली, खाचरावर आली. पाय टेकले.

तो धापा टाकत येतो, माझी नाडी सोडतो आणि दुकानाचा नंबर लावतो. दोन रिंगा. कट.

हा फोन खुर्शिदा कधी उचलत नाही. तो गेला की ती सुई कापडात टोचून ठेवते आणि दोन रिंगा वाजेपर्यंत दोरा ओढत नाही. तिकडे भोरात आता तिने दोरा ओढला असेल.