मुन्शीसाठी पांढरी केलेली खोली

मी अहेरीच्या बाजाराजवळची एक जुनी, भाड्याची खोली आहे. खरं सांगायचं तर मित्रांनो, आता बोलायचाही कंटाळा येतो. पण एकदा सांगून टाकते.

सन पन्नासच्या उन्हाळ्यात सुगंधाबाईंनी मला बांधलं. त्यांचे यजमान वारले होते, मूलबाळ नव्हतं. माझ्या भाड्यावरच त्यांना पुढचे दिवस काढायचे होते. भिंती बांबूच्या तट्ट्यांच्या, वर मातीचा गिलावा, छपराला बांबू आणि वर कवेलू, म्हणजे कौलं. नवी असताना मी मोठ्या ऐटीत होते. ऐट किती दिवस टिकते म्हणा!

पहिली भाडेकरू आली रुखमा. ती मुरमुरे भाजून आठवडी बाजारात विकायची. पहाटेपासून तिची चूल पेटलेली असायची. माझ्या भिंती काळ्या झाल्या, छपराला काजळी धरली. मला तिचा रागच यायचा. पण भाडं वेळेवर, अंगण सारवलेलं, आणि दर वैशाखात कुणी न सांगता फुटके बदलून कवेलू फेरलेले. असं माणूस शोधून मिळत नाही, हे तेव्हा ना मालकिणीला कळलं, ना मला.

सहा वर्षांनी एका जंगल ठेकेदाराचा मुन्शी मला बघायला आला. नाक मुरडून म्हणाला, "ही खोली हाये का भट्टी? पांढरी करून द्या, चूल काढा. मी खानावळीत जेवतो. भाडं दीडपट देईन."

सुगंधाबाईंना मोह पडला.

"मले काऊन काढून राह्यल्या बाई? माझं का चुकलं?" रुखमानं विचारलं.

"चुकलं काही नाई वो. पण भिंती पाह्य कशा काळ्या झाल्या."

रुखमानं भांडीकुंडी उचलली. उंबऱ्यावरून वळून म्हणाली, "पांढरी करा बाई, पण चूल फोडू नोका. धूर नसला त बांबूले घुण लागते."

चूल त्याच दिवशी फोडली.

काय दिसत होते मी चुन्यात! लोक वळून बघायचे. पावसाळ्यात जंगलातली कामं बंद झाली, की मुन्शी कुलूप लावून गावी जायचा आणि त्या महिन्यांचं भाडंही बुडवायचा. कवेलू कोण फेरणार? मी बंद दाराआड छपराचे बांबू पोखरणाऱ्या घुणकिड्यांची कुरकुर ऐकत बसायचे. खाली पिवळी भुकटी पडायची. मुन्शी परत आला की ती झाडून टाकायचा, वर कधी बघायचा नाही.

तिसऱ्या वर्षी माझं अर्धं छप्पर बसलं. मुन्शी दुसरीकडे राहायला गेला. मला कुणी भाड्यानं घेईना. सुगंधाबाई त्या वयात लोकांच्या घरी धान कांडायला जाऊ लागल्या. शेवटी त्यांनी रुखमाला बोलावलं. तिनं एक बांबू हातात दाबला, तर त्याचं पीठ झालं.

"परत ये ना वो रुखमा. भाडं कमी देजो."

रुखमानं हातातलं पीठ झटकलं. तिच्या आवाजात राग नव्हता.

"सहा वर्सं मी तुमचं घर राखलं बाई," ती म्हणाली, "अन् भाडं बी मीच भरलं."

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकीही कुणी घर भाड्यानं देईल. भिंतींचा रंग मागून बघा, आधी घर जपणारं माणूस बघा. सापडलं, तर चार पैशांसाठी त्याला बाहेर काढू नका.

काल सुगंधाबाईंनी माझे उरलेले कवेलू विकायला काढले. ते रुखमानं घेतले, स्वतःच्या नव्या घरासाठी.